पाथ ऑफ एक्झाइल २ : मत वाचण्याआधी तो खेळाडू कुठवर पोहोचला होता ते बघा

प्रश्न : डायब्लो ४ हा शत्रूंच्या झुंडी मारत आपलं पात्र वाढवायचा व्हिडिओ गेम मी मनसोक्त खेळलोय. आता त्याच प्रकारचा पाथ ऑफ एक्झाइल २ घ्यायचा विचार आहे, पण खेळाडूंची मतं वाचून गोंधळ उडालाय. एक म्हणतो या प्रकारात इतका देखणा खेळ आजवर झाला नाही. दुसरा म्हणतो मंद आहे, जाचक आहे, कंटाळा येतो. कुणाचं खरं मानू? आणि घेतलाच तर कोणत्या क्लासने, म्हणजे कुठल्या प्रकारच्या पात्राने, सुरुवात करू?

उत्तर :

दोघांचंही खरं आहे. या खेळाचे निदान तीन वेगवेगळे टप्पे आहेत (मोहिमेचा, म्हणजे कथेचा, पहिला अंक, तिचे पुढचे अंक आणि मोहीम संपल्यावरचे नकाशे) आणि प्रत्येकाची चव निराळी आहे. पहिल्या टप्प्यात असलेला माणूस एक सांगतो, शेवटच्या टप्प्यात महिनाभर राहिलेला दुसरंच सांगतो. त्यामुळे कुठलंही मत वाचताना मी सगळ्यात आधी दोन गोष्टी शोधतो. हा माणूस खेळात कुठवर गेला होता, आणि कुठल्या पॅचमध्ये, म्हणजे कंपनीने सुधारलेल्या कुठल्या आवृत्तीत, खेळत होता. या दोन गोष्टी लिहिलेल्या नसतील तर ते मत तुमच्या निर्णयाला फारसं उपयोगी नाही, मग ते कितीही तळमळीने लिहिलेलं असो.

थोडी पार्श्वभूमी देतो, कारण भांडणाचं मूळ तिथे आहे. ग्राइंडिंग गिअर गेम्स ही न्यूझीलंडच्या ऑकलंडमधली कंपनी. डायब्लो २ वर जीव असलेल्या काही जणांनी ती २००६ मध्ये सुरू केली आणि २०१३ मध्ये पाथ ऑफ एक्झाइलचा पहिला भाग मोफत बाजारात आणला. दुसऱ्या भागाची घोषणा २०१९ ची. त्या वेळी कल्पना अशी होती की जुन्याच खेळाला एक नवी मोहीम जोडायची, शेवटचा टप्पा दोन्हींना एकच ठेवायचा. पुढे लढाईची घडणच इतकी बदलली की २०२३ मध्ये त्यांनी हे दोन वेगळे खेळ असतील असं जाहीर केलं. अर्धवट अवस्थेतली आवृत्ती, म्हणजे अर्ली ॲक्सेस, ६ डिसेंबर २०२४ ला खुली झाली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून ७ तारीख लागली होती. त्या पहिल्या शनिवार-रविवारी एकट्या स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, एकाच वेळी ५ लाख ७८ हजारांहून अधिक खेळाडू होते, आणि तेही ३० डॉलर मोजून.

या गर्दीत तीन गावचे लोक होते. पहिला भाग हजारो तास खेळलेले जुने जाणते, तुमच्यासारखे डायब्लोकडून आलेले, आणि एल्डन रिंगसारखे अवघड खेळ खेळून बॉसशी, म्हणजे एकेका बलाढ्य शत्रूशी, झुंजायची सवय झालेले. तिघांच्या हाताला तीन वेगळ्या सवयी. जुन्या खेळाडूला एका बटणावर अख्खा पडदा साफ करत धावायचं असतं, कारण पहिल्या भागाने त्याला तेच शिकवलं. एल्डन रिंगवाल्याला बॉसचा हात कधी उठतो आणि कधी पडतो ते बघायचं असतं. इथे पहिल्या काही तासांत जुना खेळाडू कुरकुरतो आणि एल्डन रिंगवाला हरखून जातो. शेवटच्या टप्प्यात नेमकं उलटं होतं. तुम्ही वाचलेल्या मतांपैकी निम्म्यांचा उलगडा एवढ्यानेच होईल.

आता पहिल्या टप्प्याकडे येऊ. तुम्ही नदीकाठी वाहून येता, हातात जेमतेम शस्त्र, आणि क्लिअरफेलच्या तळावर पोहोचायच्या आधीच एक सुजलेला गिरणीवाला तुमचा रस्ता अडवतो. हा खेळातला पहिला बॉस. डायब्लोमध्ये पहिल्या बॉसला आपण नावानेही लक्षात ठेवत नाही. इथे तो तुम्हाला मारू शकतो, आणि अनेकांना मारतो. मेलात की त्याचं आयुष्य पुन्हा पूर्ण भरतं. पहिल्या भागात मोहिमेतल्या बॉसला मरत मरत, थोडं थोडं कुरतडून संपवता यायचं. ती पळवाट इथे बंद आहे. एका दमात मारा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. त्या बदल्यात तुम्हाला लोळण घेऊन वार चुकवता येतो, आणि त्यावर थांबण्याचं बंधन नाही, हवं तेव्हा लोळा. शिवाय माउसने क्लिक करत चालण्याऐवजी कीबोर्डच्या चार बटणांवर चालता येतं. हे सुरुवातीलाच सेटिंग्जमध्ये चालू करा. डाव्या हाताने चालायचं आणि उजव्या हाताने नेम धरायचा, ही सवय लागली की तुम्ही मागे सरकत सरकत बाण मारायला लागता, आणि मग कळतं की शत्रूंचा वेग, त्यांचे घेराव, दगडांच्या आडोशाच्या जागा, सगळं या चालण्याला धरून बेतलेलं आहे.

पहिल्या अंकाचा शेवट ओगमच्या वाड्यात, काउंट जिओनॉरशी. माझ्या मते या प्रकारातल्या खेळांत मोहिमेच्या पहिल्या अंकाला इतका घडीव बॉस दुसरा नाही. आधी तो माणूस म्हणून लढतो, मग लांडगा होतो. त्याचा मारा थंडीचा आहे, त्यामुळे वाड्यात शिरण्याआधी थंडीविरुद्धचा रेझिस्टन्स, म्हणजे तिचा मारा कमी करणारा गुण, असलेली एखादी अंगठी किंवा बूट मिळवले तर लढाई निम्मी सोपी होते. पण खरी मेख त्याच्या हालचालीत आहे. प्रत्येक वाराआधी त्याचं शरीर काहीतरी सांगतं. कबड्डीत चढाई करणारा जसा समोरच्याचे पाय वाचतो तसं हे वाचायचं. दोन-तीनदा मेल्यावर अंगात ते बसतं, आणि मग तोच बॉस एकही फटका न खाता पडतो. तुमची लेव्हल तीच असते, शस्त्र तेच असतं, सुधारलेले असता ते तुम्ही. ज्यांनी 'या प्रकारातला इतका सुंदर खेळ झाला नाही' असं लिहिलं त्यांतले बरेच जण नुकतेच इथून बाहेर पडलेले असतात, आणि त्यांच्या आनंदात खोट नाही.

मग दुसरा अंक सुरू होतो. वाळवंट, अर्डुरा नावाचा फिरता काफिला, जमान्राच्या सैन्याचा पाठलाग. कथा चांगली चालते, पण नकाशे लांबतात. तिसऱ्या अंकातली व्हाल लोकांची जंगलातली पडकी शहरं तर आणखी मोठी. डिसेंबर २०२४ मध्ये खेळलेल्यांनी 'चालून चालून जीव गेला' असं लिहिलं ते इथलं. वाट चुकलात, एका बंद टोकाला पोहोचलात, की सगळं परत चालत यायचं. नंतरच्या पॅचमध्ये काही नकाशे आटोपशीर केले, एका चेकपॉइंटवरून त्याच नकाशातल्या दुसऱ्या चेकपॉइंटवर उडी मारायची सोय दिली, आणि पुढे धावायचीही सोय आली. म्हणून या तक्रारीखालची तारीख बघा. ऑगस्ट २०२५ आधीची असेल तर तिचा जोर आज बराच उतरलाय. पूर्ण उतरलेला नाही, तिसरा अंक अजूनही मला पसरट वाटतो.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट होते, जी खेळ नीट समजावत नाही. अंक संपला की तुमच्या आग, थंडी आणि वीज या तिन्ही रेझिस्टन्समधून १० टक्के गुपचूप वजा होतात. कमाल मर्यादा ७५ टक्के, आणि तिच्याजवळ राहणं तुमच्या हातात. तुम्ही पुढे जाता, शत्रू वाढतात, तुमचं संरक्षण मात्र घटत राहतं. नवख्याला वाटतं खेळ अचानक अन्यायी झाला. 'दुसऱ्या अंकात एकदम भिंत लागली' असं जो लिहितो त्याचे रेझिस्टन्स दहापैकी नऊ वेळा शून्याच्या आसपास किंवा खाली असतात. मी नवख्यांच्या पात्रांची तपासणी करतो तेव्हा सगळ्यात आधी तोच पडदा उघडायला सांगतो. दुसरा पडदा शस्त्राचा. वॉरियर, रेंजर, मर्सिनरी, मंक यांचा मारा थेट शस्त्राच्या आकड्यांवर चालतो. लेव्हल पंचवीसला दहाव्या लेव्हलची गदा घेऊन फिरणारा वॉरियर प्रत्येक साध्या शत्रूला चार-पाच फटके मारतो आणि मग लिहितो की खेळ मंद आहे. तळावरच्या दुकानदारांचा माल तुमची लेव्हल वाढली की बदलतो. प्रत्येक लेव्हलला तिथे डोकावा, सोनं साठवू नका. आणि ऑर्ब, म्हणजे वस्तू सुधारायला वापरायचे गोळे, खर्च करा. ट्रान्सम्युटेशन आणि ऑगमेंटेशन तर हातात आले की लगेच एखाद्या साध्या पांढऱ्या शस्त्रावर लावून बघावेत. मोहिमेत ऑर्ब जपून ठेवणारा माणूस उपाशी पोटी धान्य राखत असतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, कारण त्याबद्दल फार कमी मतांत नीट लिहिलेलं असतं. स्किल जेम, म्हणजे पात्राला हल्ले देणारी रत्नं. पहिल्या भागात हे जेम चिलखताच्या खाचांत बसायचे. खाचा योग्य रंगाच्या हव्यात, जोडलेल्या हव्यात, आणि चिलखत बदललं की सगळा डाव मोडायचा. दुसऱ्या भागात खाचा जेममध्येच गेल्या. तुम्हाला न पैलू पाडलेला जेम मिळतो आणि त्यातून कुठलं स्किल घडवायचं ते तुम्ही ठरवता. त्या स्किलला आधाराचे जेम जोडायचे, सुरुवातीला दोन, ज्वेलर्स ऑर्ब मिळत गेले की पाचापर्यंत. चिलखत केव्हाही बदला, स्किलला धक्का नाही. या एका बदलामुळे नवखा माणूस प्रयोग करायला धजावतो.

आणि प्रयोग करण्यासारखं खूप आहे, कारण स्किल एकमेकांशी बोलतात. सॉर्सरेसने आगीची भिंत उभी केली आणि तिच्यातून विजेच्या ठिणग्या सोडल्या तर त्या ठिणग्या आगीचा जादा मारा घेऊन जातात. रेंजरने विषारी वायूचा बाण मारला आणि तो ढग पेटवला तर स्फोट होतो. वॉरियरने शत्रूला सुन्न व्हायच्या बेतात आणलं की बोनशॅटरचा एक फटका आजूबाजूच्या सगळ्यांना हादरवतो. हे खेळ तुम्हाला सांगत बसत नाही. स्किलचं वर्णन सावकाश वाचायचं, कारण त्यातला प्रत्येक शब्द नियम म्हणून लिहिलेला असतो. डायब्लो ४ मधून येणाऱ्यांना मी हेच आग्रहाने सांगतो. तिथे वर्णन वरवर वाचून चालतं, इथे एका शब्दाने सगळा बिल्ड, म्हणजे पात्राची अख्खी बांधणी, फिरतो.

यातच खेळातला सगळ्यात मोठा अंतर्विरोधही आहे. मोहीम तुम्हाला दोन-तीन स्किल सांधून, जागा बदलत, विचार करत लढायला शिकवते. शेवटच्या टप्प्यात, म्हणजे ॲटलसच्या नकाशांवर, शत्रूंचा वेग आणि संख्या इतकी वाढते की सांधायला वेळच उरत नाही. जो बिल्ड एका बटणावर पडदा साफ करतो तो जगतो, बाकीचे मरतात. मेलेल्या शत्रूच्या जागी फुटणारे स्फोट गर्दीत दिसतही नाहीत. पहिल्या आवृत्तीत एका मरणाने अख्खा नकाशा हातचा जायचा, वर त्या लेव्हलच्या अनुभवातून १० टक्के कापले जायचे. नकाशाचा तो नियम नंतर सैल केला, कमी कठीण नकाशांवर पुन्हा उठायची संधी मिळते. अनुभवाची कापणी राहिली. 'जाचक' हा शब्द तुम्ही जिथे वाचला असेल तिथे लिहिणारा बहुतेक इथे होता, आणि त्याचं म्हणणं मला पटतं. मरणाची किंमत असावी, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण ज्या गोष्टीने मारलं ती खेळाडूला दिसली पाहिजे. जिओनॉर मारतो तेव्हा कळतं कशाने मारलं. ॲटलसवर अनेकदा कळत नाही.

पॅचचं महत्त्व किती आहे ते एप्रिल २०२५ ने दाखवलं. ०.२.० आवृत्ती आली, हंट्रेस हा भाल्याचा नवा क्लास आला, आणि त्याच वेळी लोकांचे आवडते बरेच बिल्ड कंपनीने खाली खेचले. गेमर्सच्या भाषेत नर्फ. पात्र दुबळं झालं, शत्रू तितकेच वेगवान राहिले. स्टीमवरची ताजी मतं त्या आठवड्यात बहुतांशी नकारात्मक झाली. कंपनीने मग भराभर दुरुस्त्या सोडल्या, शत्रूंचा वेगही कमी केला. पण ती मतं तिथेच आहेत, आणि आज कुणी चाळायला गेलं तर ती ताज्या मतांच्या शेजारी दिसतात. ऑगस्टअखेर ०.३.० आली. चौथा अंक आला, आणि तेच तीन अंक 'क्रूएल' नावाच्या कठीण पातळीवर दुसऱ्यांदा खेळायची सक्ती संपली. तिच्या जागी मधली छोटी प्रकरणं आली. एकच आधाराचा जेम एका पात्राला एकदाच वापरता येईल हा जुना नियमही गेला. व्यवहार सुधारला, आता तुम्ही वस्तू दुकानात लावून ठेवू शकता आणि तुम्ही झोपलेले असताना ती विकली जाते. आधी समोरच्याला निरोप टाकून त्याच्या उत्तराची वाट बघत बसावं लागे, आणि ते उत्तर बहुतेक वेळा येतच नसे. डिसेंबर २०२५ मध्ये ०.४.० सोबत ड्रुइड आला. म्हणजे डिसेंबर २०२४ चा अभिप्राय ज्या खेळाबद्दल आहे तो खेळ आज जसाच्या तसा अस्तित्वात नाही.

जुन्या खेळाडूंच्या रागाचा आणखी एक थर आहे, तोही ओळखायला शिका. दुसऱ्या भागाच्या तयारीत कंपनीची माणसं गुंतली आणि पहिल्या भागाची नवी लीग, म्हणजे दर काही महिन्यांनी येणारी नवी फेरी, रखडली. जुलै २०२४ नंतरची मोठी आवृत्ती थेट जून २०२५ मध्ये आली. वर्षानुवर्षं दर तीन-चार महिन्यांनी नवं काही मिळायची सवय असलेल्यांना हा उपवास फार लागला. त्या काळातली काही कडवट मतं वरवर दुसऱ्या भागाबद्दल आहेत, पण त्यांचं दुखणं पहिल्या भागाचं आहे. त्यांची चीड मला समजते. तुम्ही पहिला भाग खेळलेला नाही, तेव्हा ते वजन तुम्ही उचलायची गरज नाही.

पॅसिव्ह ट्रीची, म्हणजे पात्राचे कायमचे गुण जिथे निवडायचे त्या पडद्याची, भीती घालणारेही भेटतील. दीड हजाराच्या आसपास बिंदूंचं ते जाळं पहिल्यांदा बघून कुणीही बिचकतं. तुम्ही फक्त तुमच्या क्लासच्या दाराजवळचे बिंदू बघा. एक मोठा बिंदू निवडा, तिथवर जायचा सगळ्यात जवळचा रस्ता धरा, वाटेत मारा आणि जीव वाचवणं दोन्हीचं थोडं थोडं घ्या. चुकलं तर सोनं देऊन बिंदू परत मिळतात. सुरुवातीला ही किंमत लोकांना फार वाटली, आरडाओरडा झाला, आणि पहिल्याच दिवसांत कंपनीने ती बरीच उतरवली. त्यामुळे पहिलं पात्र तरी दुसऱ्याचा बिल्ड समोर ठेवून बिंदू-बिंदू नक्कल करत खेळू नका. मोहिमेची गोडी शोधण्यात आहे. ॲटलसला पोहोचल्यावर मात्र तयार बिल्ड बघायला काहीच हरकत नाही, तिथे तुमच्या वेळेची किंमत जास्त आहे.

आता क्लास. डायब्लो ४ मध्ये तुम्ही काय खेळलात ते लिहिलं नाहीत, म्हणून थोडं मोघम सांगतो. निवांत शिकायचं असेल तर विच घ्या. सांगाड्यांची फौज पुढे लढते आणि तुम्हाला मागे उभं राहून बॉसच्या हालचाली शिकायला मिळतात. हाताला सतत काम हवं असेल तर मंक. काठीने विजेचे आणि बर्फाचे वार, वेग सुरुवातीपासूनच चांगला, 'मंद' ही तक्रार मंककडून क्वचितच ऐकू येते. वॉरियर हा माझा लाडका आहे, त्याची गदा पडते तेव्हा जमीन हलल्यासारखी वाटते, पण त्याचे फटके सावकाश उठतात आणि पहिला अंक त्याच्यासाठी सगळ्यात अवघड आहे. पहिल्यांदाच खेळणाऱ्याला मी तो देत नाही. मर्सिनरीचा क्रॉसबो वेगवेगळ्या गोळ्या बदलत चालवायचा असतो, त्यात मजा आहे, पण बटणांची धांदल होते. सॉर्सरेस आणि रेंजर दोन्ही बऱ्या, फक्त अंगावर वार झेलण्याची ताकद दोघींकडे कमी, त्यामुळे लोळण लवकर शिकावी लागते.

आपल्याकडच्या खेळाडूंसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. खेळ पूर्णपणे इंटरनेटवर चालतो, एकटं खेळतानासुद्धा. नेटवर्किंगच्या सेटिंगमध्ये लॉकस्टेप आणि प्रेडिक्टिव्ह असे पर्याय असतात. सर्व्हरशी पिंग, म्हणजे त्याचं उत्तर यायला लागणारा वेळ, कमी आणि स्थिर असेल तर लॉकस्टेप ठेवा, लोळण अचूक बसते. पिंग जास्त असेल किंवा वरखाली होत असेल तर लॉकस्टेपमध्ये खेळ अडखळतो, तेव्हा प्रेडिक्टिव्ह बरा. 'लोळलो तरी फटका लागला' अशी तक्रार करणाऱ्याने आधी हे तपासावं. दुसरं, साधारण १०० जीबी जागा लागते आणि ती एसएसडीवरच द्या. साध्या हार्ड डिस्कवर नकाशा उघडेपर्यंत शत्रू तुमच्यापर्यंत पोहोचलेले असतात.

घ्यायचा की नाही, याचं माझं उत्तर तुमच्या बाबतीत होय आहे, मोहिमेसाठी. पूर्ण आवृत्ती आली की खेळ मोफत होणार असं कंपनीने आधीपासून सांगितलंय, त्यामुळे पैशाची ओढ असेल तर थांबण्यात काही गैर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ०.३.० सोबत त्यांनी काही दिवस खेळ फुकट खुला केला होता, तशी संधी पुन्हा आली तर आधी जिओनॉरपर्यंत खेळून बघा. त्याच्याशी लढणं आवडलं तर पुढचं सगळं सुसह्य होईल. त्याने वैतागलात तर ॲटलसपर्यंत स्वतःला ओढत नेऊ नका. आणि घेतल्यावर दुसऱ्या अंकात अडकलात तर तुमचे तिन्ही रेझिस्टन्स, शस्त्राची लेव्हल आणि मुख्य स्किलला जोडलेले जेम लिहून पाठवा. एवढ्यावरून नेमकं कुठे अडतंय ते सांगता येतं.